‘जड’ पाणी आणि दूषित पाणी : एक घातक गल्लत



आपल्या मराठीत ‘जड पाणी’ हा शब्द मोठा फसवा आहे. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजता शिजत नाही आणि बंबाच्या आत पांढरी पुटे चढतात ते पाणी जड, म्हणजे शालेय पुस्तकांच्या भाषेत दुष्फेन. आणि जे पचावयास भारी, म्हणजे गुरु, तेही जडच. रुग्ण समोर बसून म्हणतो, “वैद्यबुवा, आमच्याकडचं पाणी फार जड आहे हो, त्यामुळंच पोट बिघडतं,” तेव्हा त्याच्या मनात हे दोन्ही अर्थ एकत्र असतात. गुरु-लघु हे शब्द तर आपले दिवसरात्रीचे चलन. म्हणून आपणही मान हलवतो. या दोहोंत मग कोणी न सांगता तिसरा अर्थ येऊन मिसळतो, तो ‘अपायकारक’ हा. पाण्याचा जडपणा आणि पाण्याचा दूषितपणा यांची ही गल्लत आपल्या चिकित्सेत शिरली आहे, रुग्णांच्या खिशाला ती भारी पडते आहे आणि प्रसंगी जिवावरही बेतू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे. उदाहरण मी ज्या शहरात व्यवसाय करतो त्या पुण्याचेच घेतो.

पुण्याच्या मूळ नळाचे पाणी हे खडकवासला साखळीचे, म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांचे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस काळ्या कातळावरून वाहत थेट जलाशयात येतो. खडकाशी त्याचा सहवास अल्पकाळाचा, म्हणून त्यात क्षार फारसे विरघळत नाहीत आणि पाणी स्वभावतः सौम्य राहते. पर्वतीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या या पाण्यात साबणाला चांगला फेस येतो, हे कोणीही पुणेकर गृहिणी सांगेल. परंतु शहर या नळापुरते राहिलेले नाही. २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली. सीमेवरच्या मोठमोठ्या गृहसंकुलांना बोअरचे आणि टँकरचे पाणी हाच वर्षानुवर्षे आधार राहिला. बोअरचे पाणी म्हणजे कातळाच्या भेगांतून महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, झिरपत राहिलेले पाणी. मातीतला कर्बवायू घेऊन ते खाली उतरते, आम्लधर्मी होते आणि बसाल्टमधील खनिजांतून कॅल्शियम व मॅग्नेशियम सोडवून घेते. हाच त्याचा जडपणा.

गंमत अशी, की एकाच सदनिकेत दोन प्रकारची पाणी नांदतात. स्वयंपाकघरात महापालिकेचा नळ, न्हाणीघरात बोअर. कित्येक इमारतींत दोन्ही पाणी तळटाकीत एकत्र होते आणि त्यांचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात नळाचा भाग अधिक, चैत्र-वैशाखात टँकरचा. त्यामुळे ‘पुण्याचे पाणी कसे आहे’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘तुमच्या इमारतीच्या टाकीत या महिन्यात काय आहे’ हाच प्रश्न विचारता येतो.

आता जडपणाने शरीराचे नेमके काय बिघडते? भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (२०१२ची आवृत्ती) एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच ठरविलेली नाही. चव आणि नळा-भांड्यांत बसणारा थर एवढाच विचार तेथे आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही शरीराला लागणारीच द्रव्ये आहेत.

तरीही ‘जड पाण्याने मुतखडा होतो’ हे वाक्य आपल्या दवाखान्यांत रोज उच्चारले जाते. मूत्राश्मरीचा आणि पाण्याच्या कठीणपणाचा पक्का कार्यकारणसंबंध आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. उलट अन्नपाण्यातून आलेले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून मलावाटे बाहेर नेते, ही बाजूही आहे. अश्मरीच्या रुग्णाला खरी हानी होते ती पाणी कमी प्यायल्याने. दिवसाकाठी दोन-अडीच लिटर मूत्रप्रवृत्ती व्हावी इतके पाणी पोटात जाणे महत्त्वाचे. ‘पाणी जड आहे’ या भीतीने, किंवा बोअरचे पाणी मचूळ लागते म्हणून, जो रुग्ण तांब्याचा पेला करतो त्याच्या मूत्राची घनता वाढते आणि आपण ज्याला घाबरवले तेच घडते.

त्वचेचेही तसेच. जड पाण्यात साबणाचा चिकट साका अंगावर राहतो, त्वचा रूक्ष होते, हा अनुभव खोटा नाही. अभ्यंगानंतर साबणाऐवजी उटणे किंवा डाळीचे पीठ वापरावयास सांगण्याचे आपल्याला ते आणखी एक कारण. परंतु विचर्चिकेच्या रुग्णाला महागडे सॉफ्टनर यंत्र घ्यावयास लावण्यापूर्वी इंग्लंडमधील एक चाचणी ध्यानात घ्यावी. २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर ती झाली होती आणि घरात बारा आठवडे सॉफ्टनर बसवूनही व्याधीच्या तीव्रतेत वस्तुनिष्ठ फरक आढळला नाही. शिवाय सॉफ्टनर क्षार काढून टाकीत नाही, तो अदलाबदल करतो. दर १०० मिलिग्रॅम कठीणपणामागे पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येते. ४०० कठीणपणाचे पाणी सॉफ्टनरमधून काढून दिवसाला दोन लिटर प्यावे तर साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक सोडियम निव्वळ पाण्यातून पोटात गेले. रक्तदाबाच्या रुग्णाचे मीठ तोडणाऱ्या वैद्याने हा हिशेब करावयास हवा. असे पाणी न्हाणीघरापुरतेच बरे.

आपल्या ग्रंथांकडे वळू. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या ४५व्या अध्यायात विहिरीच्या पाण्याला सक्षार, पित्तल, कफघ्न, दीपन आणि लघु म्हटले आहे. लघु! म्हणजे ज्या कूपजलाला आपण आज ‘जड’ म्हणतो त्याला आचार्य गुरु म्हणत नाहीत. सक्षार म्हणजे आजच्या प्रयोगशाळेतील कठीणपणाच असे समीकरण मी मांडणार नाही, कारण त्यांचे निकष रस, गुण आणि कर्म यांचे होते. परंतु भाषेतल्या जडपणावरून शास्त्रातली गुरुता काढू नये, एवढे तरी त्यावरून निश्चित होते. एक अवांतर मौज येथेच सांगतो. चरक आणि सुश्रुत दोघांनीही सह्याद्रीतून उगम पावणाऱ्या नद्यांच्या पाण्याला कुष्ठाचे कारण म्हटले आहे. म्हणजे मुठेच्या पाण्यावर वाढलेल्या आम्हा पुणेकरांची गत काय सांगावी! ते वचन त्या काळच्या, त्या प्रदेशांच्या निरीक्षणाचे आहे. ते आजच्या नळाला शब्दशः चिकटवणारा वैद्य मला अद्याप भेटलेला नाही, आणि तीच तारतम्यबुद्धी अन्यत्रही वापरावी एवढीच माझी विनंती.

मात्र याच अध्यायातील एक भेद आपण पुरता विसरलो आहोत. व्यापन्न, म्हणजे बिघडलेल्या, पाण्यासाठी सुश्रुताने अग्नीवर उकळणे, सूर्याच्या उन्हात तापविणे, तापलेला लोखंडाचा गोळा, वाळू वा ढेकूळ त्यात विझविणे हे उपाय सांगितले आणि प्रसादन हे त्यांच्या जोडीला वेगळे सांगितले. प्रसादन म्हणजे गढूळ पाणी निवळणे. निर्मळीचे बी, वस्त्र, शेवाळाचे मूळ इत्यादी सात द्रव्ये त्यासाठी आहेत. निवळणे आणि निर्दोष करणे या दोन क्रिया आहेत हे आचार्यांना स्वच्छ दिसत होते. आज आपण काचेच्या पेल्यात पाणी उजेडाकडे धरतो, ते नितळ दिसले की समाधान पावतो. तुरटी फिरवली की काम झाले असे समजतो. नितळ पाणी निर्जंतुक असेलच असे नाही.

२०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जे घडले ते आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले. गियाँ-बारे लक्षणसमुच्चय, ज्याला वृत्तपत्रे ‘जीबीएस’ म्हणत होती, एरवी क्वचित दिसणारी व्याधी. परंतु काही आठवड्यांतच संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि मृत्यूही झाले. काही रुग्णांच्या मलाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस आढळला. या पट्ट्यातील बऱ्याच घरांत शुद्धीकरण केंद्राचे नव्हे, तर विहिरीचे, क्लोरीन मिसळून दिलेले पाणी येत होते. पुढे महापालिकेने त्या परिसरातील पाणी विकणारी खाजगी आरओ केंद्रेही तपासून अनेकांना टाळे ठोकले. त्या दिवसांत लोक मला विचारीत होते, “पाणी जड आहे म्हणून झालं का हो?” लोकांना एवढी भीती होती, आणि तरीही प्रश्न चुकीच्या पाण्याबद्दल विचारला जात होता.

चिकित्सकाच्या दृष्टीने यातली सर्वांत महत्त्वाची बाब कालक्रमाची आहे. आधी अतिसार होतो. तो तीन-चार दिवसांत शमतो, बहुधा आपल्याच कुटजघन वटीने शमला असे रुग्ण मानतो. त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या, जिना चढताना पायांत बळ नसणे, मग हातांत दुर्बलता. रुग्ण पुन्हा आपल्याकडेच येतो. येथे ‘वातव्याधी’ असे निदान लिहून स्नेहन, स्वेदन, बस्ती यांचा क्रम लावून त्याला आठवड्याने बोलावणे म्हणजे त्याच्या श्वासाशी खेळ. दुर्बलता पायांकडून वर चढते आहे, गुडघ्याचे प्रतिक्षिप्त स्पंदन मंदावले आहे आणि गेल्या महिन्यात जुलाब झाले होते, या तीन गोष्टी जुळल्या तर त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात रवानगी हीच चिकित्सा. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार वेळेत मिळाले तर बहुतेक रुग्ण सावरतात. वातव्याधीची आपली भूमिका पुढे, पुनर्वसनाच्या काळात, मोठीच आहे. पहिल्या आठवड्यात नाही.

विहिरीच्या किंवा टँकरच्याच पाण्यात दोष असतो असेही समजू नये. जेथे नळ दिवसातून काही तासच येतो तेथे उरलेला वेळ वाहिनी रिकामी असते. पाणी बंद होताना आत ओढ निर्माण होते आणि शेजारच्या सांडपाण्याच्या नळीतून झिरपलेले सांधा-फटीतून आत शिरते. त्यानंतर इमारतीची तळटाकी, तिचे न बसणारे झाकण, गच्चीवरची टाकी. दूषित पाण्याने येणारी कामला, त्यातही गर्भिणीला धोका करणारा हिपॅटायटिस ई, याच वाटांनी घरात शिरू शकतो. हे पाणी साबणाच्या फेसात उत्तम असते. चवीला गोड असते. टीडीएस मोजणाऱ्या पेनासारख्या यंत्रावर शंभर-सव्वाशे असा नेमस्त आकडा दाखवते. ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते एवढेच सांगते. जिवाणू मोजणे त्याच्या आवाक्यातले नाही.

या यंत्राच्या जोरावरच पाणीशुद्धीची बाजारपेठ उभी आहे. एका कंपनीचा विक्रेता माझ्याही दवाखान्यात येऊन गेला. दोन पेले, त्यांत धातूच्या कांड्या, वीज सुरू केली आणि नळाचे पाणी मिनिटभरात तपकिरी, गढूळ झाले. त्याच्या यंत्रातले मात्र स्वच्छ राहिले. “बघा डॉक्टर, तुमचे रुग्ण हे पितात!” वस्तुस्थिती अशी, की ती कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळते आणि त्याचाच गाळ दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही. त्याच्या स्वच्छ पेल्यात मी चिमूटभर सैंधव टाकले, तोही तपकिरी झाला. यानंतर त्याने प्रत्येक शिफारशीमागे किती दलाली मिळेल ते सांगितले. असे प्रस्ताव आपल्यापैकी अनेकांपुढे येतात आणि काही ठिकाणी ते स्वीकारले जातात, हे लपविण्यात अर्थ नाही. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने जेथे टीडीएस ५०० मिलिग्रॅमहून कमी आहे तेथे आरओचा वापर थांबविण्याचे निर्देश दिले होते. एका पेल्यामागे दोन-तीन पेले मोरीत सोडणारे यंत्र खडकवासल्याच्या मुळातच सौम्य पाण्याला लावणे ही उधळपट्टी आहे. फार क्षार असलेल्या बोअरच्या पाण्याला आरओ अवश्य लावावे; पण त्याची पाती आणि टाकी वेळेवर स्वच्छ न केल्यास आतच जिवाणू वाढतात हेही सांगावे.

मग रुग्णाला काय सांगावे? उष्णोदक. आपल्या शास्त्राचे इतके स्वस्त, इतके निरपवाद शस्त्र हाती असताना आपण यंत्रांच्या जाहिराती का कराव्यात? पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी, ती मिनिटभर तशीच राखावी आणि त्याच भांड्यात झाकून निववावे. उकळताना तळाशी पांढरा साका बसतो आणि त्याला घाबरून कित्येक गृहिणी उकळणे सोडून देतात. त्यांना समजावून सांगावे, की हा जडपणाचाच काही भाग खाली बसला; पाणी बिघडले नाही, उलट थोडे सौम्य झाले. नायट्रेट मात्र उकळण्याने जात नाही, पाणी आटेल तसे दाटते, म्हणून बोअरच्या पाण्यावर तान्ह्या मुलाचे वरचे दूध बनत असेल तर पाण्याची तपासणी हवीच. मानकातील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आणि उकळून निवविलेले पाणी शिळे ठेवू नये हे वाग्भटाने सांगितलेच आहे. रात्री उकळलेले दुसऱ्या रात्रीपर्यंत माठात बोटे बुडवून काढत राहणे हा त्या वचनाचा सरळ भंग होय.

आपल्या केसपेपरवर प्रकृती, अग्नि, कोष्ठ, मलप्रवृत्ती यांच्या रकान्यांशेजारी ‘जलस्रोत’ असा एक रकाना छापून घ्यावा असे मी सुचवितो. नळ, बोअर, टँकर की विकतचे जार. टाकी केव्हा धुतली. घरात आणखी कोणाला जुलाब. जनपदोध्वंसाच्या अध्यायात चरकाने वायु, उदक, देश आणि काल हे चार भाव सांगितले. त्यातील उदकाची चौकशी आपण अतिसाराच्या रुग्णाकडेही करीत नाही, हे नवल आहे. एकाच इमारतीतून आठवड्यात तीन रुग्ण आले तर त्या रकान्यातून ते आपल्याला तत्काळ दिसेल, आणि मग महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळविण्यास विलंब करू नये. क्लोरीन तपासण्याची छोटी संचपेटी दवाखान्यात असावी. नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावयास हवे. रंग उमटलाच नाही तर संरक्षण संपलेले आहे, एवढे सोसायटीच्या सचिवाला दाखविता येते. दहा भाषणांपेक्षा तो बिनरंगाचा थेंब त्यांना लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी स्वतंत्र दोन शब्द, कारण जडपणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांचाच आहे. शार्ङ्गधरोक्त क्वाथात द्रव्याच्या सोळा पट पाणी घेऊन अष्टमांश उरवावयाचे. सोळा लिटर पाणी आटून दोन लिटर राहिले. पाण्याची वाफ झाली, क्षारांची नाही. टीडीएस हजार असलेल्या बोअरच्या पाण्यात सोळा लिटरमागे सोळा ग्रॅम क्षार होते. काही भाग पातेल्याला चिकटला असे धरले तरी उरलेला क्वाथातच आहे, आणि तो सारा उरला तर दोन लिटरमध्ये ०.८ टक्के घन पदार्थ वनस्पतीतून नव्हे, बोअरमधून आले. एकूण घन पदार्थांची चाचणी मग उत्तीर्ण होते खरी, पण ती काय मोजते आहे? त्रिफला, अर्जुन, खदिर यांसारख्या कषायद्रव्यांतील टॅनिन कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बद्ध होऊन खाली बसते, पाण्यात लोह असेल तर क्वाथ काळा पडतो आणि हा गाळ आपण ‘किट्ट’ म्हणून गाळून फेकतो. आसवांत तर पाणी उकळलेही जात नाही. कार्बोनेटयुक्त पाण्यात संधानाची आम्लता उशिरा वाढते, अनिष्ट जिवाणूंना तेवढा अवकाश मिळतो. आणि नळाचे ताजे पाणी घेतले तर त्यातील क्लोरीन किण्वाला बाधते. असे पाणी रात्रभर उघड्या पसरट भांड्यात, पातळ वस्त्राने झाकून ठेवले तर क्लोरीन पुष्कळसा निघून जातो.

अनुसूची ‘टी’ निर्मितीसाठी शुद्ध आणि पिण्यायोग्य पाणी मागते. कायद्याला तेवढे पुरे असेल. ४०० कठीणपणाचे पाणीही, दुसरा स्रोत नसल्यास, पिण्यायोग्यच ठरते. क्वाथासाठी सॉफ्टनर हा उपाय नव्हे, कारण तेथे क्षार कमी होत नाहीत, केवळ कॅल्शियमच्या जागी सोडियम येते. आरओची किंमत जर कोठे वसूल होत असेल तर ती फार्मसीत. लहान फार्मसीला ते परवडत नसेल तर पावसाळ्यात पत्र्यावरचे पहिले पाणी सोडून नंतरचे अंतरिक्ष जल साठवावे, गाळून, उकळून वापरावे. आणि प्रत्येक घाण्याच्या नोंदवहीत द्रव्यांच्या वजनाखाली एक ओळ पाण्यासाठी असावी : कोणत्या स्रोताचे, कठीणपणा किती, टीडीएस किती, कोणत्या दिवशी तपासले. मे महिन्यात केलेल्या दशमूलारिष्टाची चव सप्टेंबरातल्या घाण्यापेक्षा निराळी का, याचे उत्तर पुष्कळदा त्या एका ओळीत सापडते.